कच्चे मडके कुठे ठेवायचे?

तेरला गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घेऊन बाहेर पडणारा कुणीही ही गोष्ट सांगेल. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली होती. तिथले थापटणे पाहून मुक्ताबाईने विचारले, हे कशासाठी? मडके पक्के की कच्चे ते ठोकून बघायला, गोरोबा म्हणाले. मग आमचीही मडकी तपासा, असे ती म्हणाली. थापटणे एकेकाच्या डोक्यावर पडत गेले. बाकीचे निमूट बसले, नामदेव तेवढे चिडले, आणि तेच कच्चे ठरले.

कीर्तनकार ही गोष्ट नामदेवांच्या अहंकारासाठी सांगतात आणि पुढे त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे नेतात. मला मात्र तिच्यातला एक साधा तपशील नेहमी अडवतो. कच्चे ठरवल्यावर गोरोबांनी नामदेवांना अंगणाबाहेर काढले नाही. मडके कच्चे आहे असे बोलून दाखवणे हे एक काम; ते अंगणात राहू द्यायचे की नाही हे ठरवणे दुसरे. ज्या विद्याशाखेच्या उंबरठ्यावर तुम्ही उभे आहात, तिचा एक मोठा वाद या दोन कामांमधल्या जागेत चालतो. मुक्त सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या प्रकल्पाने बंदिस्त सॉफ्टवेअर वाटावे का, हा तो वाद. तो परदेशातल्या प्रोग्रॅमर मंडळींचा घरगुती तंटा वाटतो. तसा तो नाही, हे दाखवण्यासाठीच ही प्रस्तावना.

आधी शब्द. समजा, तुळजापूरच्या एका पतसंस्थेत पावत्या छापणारा प्रोग्रॅम आहे आणि त्याच्या जिल्ह्यांच्या यादीत ‘उस्मानाबाद’ आहे. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. आता तो एक शब्द बदलायचा आहे. प्रोग्रॅम बंदिस्त असेल तर कंपनीला फोन करायचा, वार्षिक देखभालीचा करार चालू आहे का ते बघायचे आणि वाट पाहायची. मुक्त असेल तर चार गोष्टी तुमच्या हक्काच्या असतात. तो कोणत्याही कामासाठी चालवता येतो. आत शिरून ती यादी कुठे आहे ते शोधून बदलता येते. त्याची प्रत नळदुर्गच्या पतसंस्थेला देता येते. आणि ‘धाराशिव’ लिहिलेली सुधारित प्रतही देता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढले, त्यामागचा सगळा विचार या चार हक्कांत बसतो. पैशाचा उल्लेख यात कुठेच नाही. मुक्त प्रोग्रॅम विकताही येतो.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात मोफत आणि मोकळा हे दोन्ही अर्थ असल्यामुळे तिकडच्या अभ्यासकांना दर वेळी खुलासा करावा लागतो. मराठीला ती अडचण नाही. फुकट वेगळे, मुक्त वेगळे. मुक्त विद्यापीठात फी भरावी लागते, याचे आपल्यापैकी कुणाला नवल वाटत नाही. तरीही व्यवहारात आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो, आणि त्याला सरकारी उदाहरण आहे. २००५ पासून केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरच्या सीडी मोफत वाटायला घेतल्या. आधी तमिळ, मग हिंदी, पुढे मराठीसह इतर भाषा. त्या सीडींत ओपनऑफिस आणि फायरफॉक्स यांच्या भारतीय भाषांतल्या आवृत्त्या होत्या. त्या पूर्णपणे मुक्त. शेजारीच फाँट आणि की-बोर्डची साधने होती, त्यांतली बरीचशी नुसती मोफत. एकाच चकतीवर, एकाच वेष्टनात. सीडी घरी आणणाऱ्याला यातले काय बदलता येईल आणि काय शेजाऱ्याला देता येईल हे कळायला मार्ग नव्हता. चकती वाटण्याला माझा आक्षेप नाही. मुक्त आणि नुसते मोफत यांच्या फळ्या वेगळ्या केल्या नव्हत्या, हा आक्षेप आहे, आणि या पुस्तकभर मी त्याच आक्षेपाभोवती फिरणार आहे.



फळ्या वेगळ्या करण्याचा सर्वात चिकाटीचा प्रयोग डेबियन या मुक्त संगणकप्रणाली बनवणाऱ्या प्रकल्पाने केला. इयान मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये तो सुरू केला. नावात त्यांचे आणि त्यांच्या तेव्हाच्या मैत्रिणीचे, डेब्राचे, नाव जोडलेले आहे. आज जगभरचे सुमारे हजार स्वयंसेवक तो चालवतात, आणि उबुंटूपासून आपल्या सी-डॅकच्या ‘बॉस’पर्यंत कितीतरी प्रणाली त्याच्यावर उभ्या आहेत. २०२३ मध्ये त्याची वार्षिक परिषद कोचीत भरली होती. १९९७ मध्ये या मंडळींनी स्वतःसाठी एक ‘सामाजिक करार’ लिहून घेतला. त्यालाच जोडून दहा कलमांची कसोटी आहे. हे त्यांचे थापटणे. पुढच्याच वर्षी हीच कलमे जवळजवळ तशीच घेऊन ‘ओपन सोर्स’ची व्याख्या तयार झाली.

करारातले पहिले कलम म्हणते की डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. चौथे म्हणते की आमच्यासाठी वापरणारे आणि मुक्त सॉफ्टवेअर, दोघेही आधी. आणि पाचवे, एका दमात, असे कबूल करते की आमच्या काही वापरणाऱ्यांना कसोटीत न बसणारी सॉफ्टवेअरही लागतात. त्यांच्यासाठी आम्ही सर्व्हरवर ‘नॉन-फ्री’ आणि ‘कॉन्ट्रिब’ असे दोन वेगळे विभाग ठेवू, पण ते डेबियनचा भाग नव्हेत. जे स्वतः मुक्त आहे पण ज्याला बंदिस्ताचा आधार लागतो, ते ‘कॉन्ट्रिब’मध्ये. आणि ज्याचा परवाना वाटपच करू देत नाही, त्याला ‘नॉन-फ्री’मध्येही जागा नाही. म्हणजे अंगण आहे, ओसरी आहे आणि वेशीबाहेरही काही आहे.

नव्या वाचकाला हे पाचवे कलम दुटप्पी वाटते. मलाही वाटले होते. आमचे नाही म्हणायचे, आणि आमच्याच सर्व्हरवरून, आमच्याच साधनांनी द्यायचे! २००४ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी हा विभाग काढूनच टाकावा का यावर मतदान घेतले आणि तो ठेवायचे ठरवले. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आजही याच कारणाने डेबियनची शिफारस करत नाही. ट्रिस्क्वेल, पॅराबोला, ग्विक्स अशा, बंदिस्ताचे नावही न सुचवणाऱ्या प्रणालींची करते.

पण थापटणे खरोखर निष्पक्ष चालते का, हे पाहायचे तर एक प्रकरण अभ्यासा. इमॅक्स या ग्नूच्या अत्यंत जुन्या संपादकाची माहितीपुस्तिका ग्नूच्याच दस्तऐवज-परवान्याखाली येते. त्या परवान्यात काही प्रकरणे ‘अपरिवर्तनीय’ ठेवायची सोय आहे, म्हणजे पुढे कुणीही ती बदलायची नाहीत. २००६ मध्ये डेबियनने मतदान करून ठरवले की अशी प्रकरणे नसतील तर दस्तऐवज मुक्त. असतील तर नाही. परिणाम असा की मुक्त सॉफ्टवेअरच्या जन्मदात्यांचीच पुस्तिका डेबियनच्या ‘नॉन-फ्री’ फळीवर जाऊन बसली. फाउंडेशन डेबियनला म्हणते, तुमच्याकडे बंदिस्त माल आहे. डेबियन म्हणते, हो, आणि त्यात तुमचे एक पुस्तकही आहे. या क्षेत्रात यापेक्षा गमतीदार आणि यापेक्षा बोधप्रद काही मला सापडलेले नाही.

न वाटल्याने काही साधते की वाटल्याने, हा पुढचा प्रश्न. इथे इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी केडीई ही देखणी डेस्कटॉप प्रणाली स्वतः मुक्त होती, पण ज्या क्यूटी या पायावर ती उभी होती त्याचा परवाना मुक्त नव्हता. डेबियनने ती वाटायचे नाकारले. इतरांनी आधीच पर्याय उभारायला घेतले होते. ग्नोम त्यातूनच जन्मला. अखेर २००० मध्ये क्यूटी जीपीएल या ग्नूच्या मुक्त परवान्याखाली आली आणि केडीईचा मार्ग मोकळा झाला. नकाराने काम झाले. आता जावा बघा. २००६ मध्ये सन कंपनीने परवाना थोडा सैल केला आणि डेबियनने बंदिस्त जावा ‘नॉन-फ्री’ विभागात घेतली. त्यावर पुष्कळ कुरकूर झाली. त्याच वर्षाच्या शेवटी सनने जावाचा स्रोत जीपीएलखाली खुला करायला सुरुवात केली, आणि काही वर्षांतच मुक्त ओपनजेडीके मुख्य विभागात आली. फळीवर ठेवल्यामुळे हे घडले असे मी म्हणत नाही; सनची स्वतःची गणिते होती. पण फळीवर ठेवल्याने ते अडले नाही, एवढे नक्की. तेव्हा ‘एकदा घरात घेतले की मुक्त पर्याय मरतो’ हे ठाम विधान कुणी केले तर त्याला जावा विचारा. आणि ‘नकार देऊन कुणाचे काय बिघडते’ असे कुणी म्हटले तर क्यूटी.

आता फर्मवेअरकडे येतो. सिद्धान्त तिथे चिखलात उतरतो.

काही वर्षांपूर्वी परंड्याच्या एका मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर मी डेबियन बसवत होतो. इन्स्टॉलर थांबला आणि म्हणाला, वायफायच्या चिपसाठी अमुक नावाची फाइल हवी, ती पेनड्राइव्हवर घालून द्या. फाइल इंटरनेटवर होती. इंटरनेट वायफायवर होते. वायफाय त्या फाइलवर अडले होते. पोहरा आडाच्या तळाशी आणि दोर काठावर, असा प्रकार. शेवटी मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट घेतले आणि काम झाले. पण तो मुलगा एकटा असता तर त्याने लॅपटॉप मिटून ठेवला असता आणि मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे न चालणारे सॉफ्टवेअर, एवढेच लक्षात ठेवले असते. त्याचे मी काय चुकले म्हणणार होतो?

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या भागात चालणारा छोटा प्रोग्रॅम. वायफायची चिप, ग्राफिक्स कार्ड, खुद्द प्रोसेसर यांच्या आत तो असतो. पूर्वी तो चिपमध्येच कायमचा कोरलेला असे. पुढे उत्पादकांनी स्वस्त पडते म्हणून तो संगणक सुरू होताना बाहेरून चढवायला सुरुवात केली. इथे एक मोठे तात्त्विक कोडे उभे राहते. चिपमध्ये कोरलेला, कधीच न बदलणारा प्रोग्रॅम फाउंडेशन जवळपास विद्युतमंडलासारखा मानते. त्याची चौकशी करत नाही. तोच बंदिस्त प्रोग्रॅम डिस्कवरून चढवला की तो बंदिस्त सॉफ्टवेअर ठरतो आणि वर्ज्य होतो. मग ज्या यंत्रात तो लपलेला आहे ते यंत्र शुद्ध, आणि ज्यात तो समोर दिसतो ते अशुद्ध? या रेषेमागे युक्तिवाद आहे: जे उत्पादकही बदलू शकत नाही तिथे त्याची तुमच्यावर जास्तीची सत्ता चालत नाही. युक्तिवाद हलका नाही. पण सोवळ्याचे कपाट बंद असेल तर आत काय आहे ते विचारू नये, अशी त्याची चव मला लागते. प्रोसेसरच्या मायक्रोकोडमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या फर्मवेअरमध्ये, तर हे आणखी बोचते. सुधारित बंदिस्त मायक्रोकोड नाकारला तर आत जुना, सुरक्षेच्या दोषांसह, तसाच बंदिस्त मायक्रोकोड चालू राहतो.

डेबियनने २०११ मध्ये, सहाव्या आवृत्तीत, लिनक्स कर्नेलमधले सगळे बंदिस्त फर्मवेअर बाहेर काढले. अधिकृत इन्स्टॉलर निर्मळ झाला आणि बहुतेक नव्या लॅपटॉपवर लंगडाही. म्हणून त्याच मंडळींनी, त्याच सर्व्हरच्या आतल्या एका फोल्डरमध्ये, फर्मवेअरसह ‘अनधिकृत’ इन्स्टॉलरही ठेवला. माहीतगार तोच वापरत. नवखे अधिकृत उतरवून घेत आणि अडकत. २०२२ मध्ये इन्स्टॉलर सांभाळणाऱ्या स्टीव्ह मॅकिंटायर यांनी हे उघडपणे मांडले: आपण लोकांना एक सांगतो आणि वापरतो दुसरे. त्यावर सर्वसाधारण मतदान झाले. एकच इन्स्टॉलर ठेवायचा, त्यात फर्मवेअर घालायचे आणि त्यासाठी सामाजिक करारही दुरुस्त करायचा, हा पर्याय निवडून आला. करार बदलायला तीनास एक असे बहुमत लागते, ते मिळाले. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून हे लागू आहे. फर्मवेअरसाठी वेगळी फळी झाली, ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’; काय घातले ते इन्स्टॉलर कळवतो; आणि ज्याला नको त्याला सुरुवातीलाच ते बंद करता येते.

माझे मत विचाराल तर निर्णय बरोबर होता, आणि तो सोयीचा होता म्हणून नव्हे. ‘अनधिकृत’ या शब्दाआड वर्षानुवर्षे चाललेली लबाडी त्याने संपवली. करारात लिहून, मतदान करून, मडके कच्चे आहे असे म्हणून ते अंगणात आणले. यात काही गमावलेही. परंड्याच्या त्या मुलाला आज वायफाय आपोआप मिळेल, पण आपल्या यंत्रात कुणाचा तरी न वाचता येणारा प्रोग्रॅम चालतो हे त्याला कदाचित कधी जाणवणारच नाही. त्या दिवशी अडल्यामुळे त्याला ते जाणवले होते. गोरोबांची उपमाही इथे तुटते: नामदेव भाजून पक्के झाले, कारण भट्टीपर्यंत चालत जाणे त्यांच्या हाती होते. बंदिस्त फर्मवेअरची भट्टी उत्पादकाच्या कुलपात असते.

इतर प्रकल्पांचे धोरण थोडक्यात: फेडोरा फर्मवेअर घेते, बाकी बंदिस्त काही घेत नाही, ग्विक्स दोन्ही घेत नाही, आणि तिचे वापरणारे बाहेर स्वतंत्र भांडार चालवतात. म्हणजे फळी नाकारली तरी ती दुसऱ्याच्या ओसरीवर उभी राहतेच.

आता आपल्या अंगणात. मराठी माणसासाठी बंदिस्ताचा सर्वात जवळचा नमुना वायफाय नाही, अक्षर आहे. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा फाँट सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांच्या हातचा. कचेऱ्यांमधला किती मराठी मजकूर त्या वळणात वाचला गेला याची मोजदाद नाही. तो फाँट मायक्रोसॉफ्टचा आहे; डेबियन तो ‘नॉन-फ्री’मध्येही ठेवू शकत नाही, कारण वाटपाचीच परवानगी नाही. एरियल, टाइम्स यांसारखे मायक्रोसॉफ्टचे जुने रोमन फाँट मूळ रूपात वाटायला मुभा होती, म्हणून ते उतरवून घेणारे एक पॅकेज ‘कॉन्ट्रिब’मध्ये आहे. मंगलसाठी तशी वाट नाही. पण त्याने फारसे अडतही नाही. मंगलमधली फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे एका फाँटवर न अवलंबणाऱ्या सांकेतिक मांडणीत, असते. डेबियनवर ती उघडली की लोहित किंवा मुक्ता पुढे येतो, ओळी थोड्या सरकतात, मजकूर शाबूत राहतो. लोहितचा सांभाळ रेड हॅटने केला, त्यात पुण्याच्या कार्यालयाचा मोठा हात. मुक्ता मुंबईच्या एक टाइपचा. दोन्ही मुक्त परवान्याखाली.

खरी अडचण युनिकोडपूर्व फाँटांची. त्यांत देवनागरीची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिले तर फाइलमध्ये एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरे साठतात. श्रीलिपी, आयएसएम आणि इतरांच्या मांडण्या आपापल्या. तो फाँट असेल तर मराठी दिसते. नसेल तर कचरा. मंगल हे बंदिस्त अक्षर आहे. इथे मजकूरच बंदिस्त होतो. लग्नपत्रिका, खरेदीखतांचे मसुदे, स्मरणिका, ग्रामपंचायतींचे ठराव, डीटीपीच्या दुकानांत टाइप झालेले किती काही या अवस्थेत पडून आहे.

म्हणून इथे मी फर्मवेअरपेक्षा कडक आहे. मुक्त प्रकल्पाने असे फाँट वाटू नयेत, परवाना मिळाला तरी. वायफायचे फर्मवेअर वाटले तर माणूस मोकळ्या जाळ्यात पोचतो. जुना फाँट वाटला तर तो नवी फाइलही त्याच सांकेतिक मांडणीत लिहितो आणि खड्डा खोल होतो. वाटायचे तर परिवर्तक वाटावेत, जुन्या मांडणीतून युनिकोडमध्ये नेणारे. फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचे विस्तारक अशाच कामासाठी लिहिले गेले होते. फाँट मालकाचा असतो. कोणत्या रोमन अक्षरावर कोणते देवनागरी चित्र बसते हा तक्ता कुणीही बसून तयार करू शकतो.

कुणीही, पण समोर फाँट हवा. जुन्या फाइली सांभाळणाऱ्यांकडे हमखास असे एक फोल्डर असते: फाँट मूळ कंपनीकडून घेतलेला, कंपनी आता नाही, परवान्याचा कागद कधीच नव्हता, आणि तो फाँट असलेला एकच संगणक अजून कसाबसा सुरू होतो. फाँट वाटता येत नाही. फाँटशिवाय तक्ता तपासता येत नाही. तक्त्याशिवाय फाइल वाचता येत नाही. पहिले प्रकरण या फोल्डरपासून सुरू होते. तुमच्याकडचे असेच एखादे फोल्डर उघडून, फाँटच्या गुणधर्मांत परवान्याच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहूनच पान उलटा.